लहान कामाचा शेगडा

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातून काचीगुडा स्टेशनपर्यंत पायी जाण्यास फारसा वेळ लागत नाही. १९१६ साली बांधलेली त्या स्टेशनची घुमटांची आणि मनोऱ्यांची इमारत आजही उभी आहे. येथूनच निजामाच्या राज्यातील मीटरमापी लाइनवरच्या गाड्या नांदेड, परभणी, जालना आणि तेव्हाचे औरंगाबाद अशा मजला करीत मनमाडला जात असत. पुढे ती लाइन टप्प्याटप्प्याने रुंद मापाची झाली आणि मीटरमापी डबे दृष्टीआड झाले. मराठवाड्याशी नाते राखून असलेल्या इकडच्या मराठी घरांत मात्र त्या डब्यांच्या आठवणी अजून निघतात. तेव्हा अशा एखाद्या घरातील नववीच्या विद्यार्थ्याने शाळेच्या प्रदर्शनासाठी त्या डब्याची प्रतिकृती करावयाचे मनावर घेतले, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

पहिला डबा पुठ्ठ्याचा होतो. तो पावसाळ्यात वाकतो. म्हणून दुसरा डबा पितळेच्या पातळ पत्र्याचा करावयाचे ठरते, आणि खरी अडचण येथे सुरू होते. पत्र्यावर खिडक्या आखून झालेल्या असतात. त्या कापण्यापूर्वी प्रत्येक खिडकीत एक भोक पाडावयाचे असते. मुलगा डाव्या हाताच्या बोटांनी पत्रा मेजाच्या कडेवर दाबून धरतो आणि उजव्या हाताने ड्रिल चालवितो. भोक पुरे होण्याच्या क्षणी ड्रिलचे टोक पत्र्यात अडकते, पत्रा गर्रकन फिरतो आणि त्याची कड सुरीसारखी बोटांवरून निघून जाते. बोटांच्या आतील बाजूस स्नायुबंध आणि मज्जातंतू कातडीखाली फार खोल नसतात. ते कापले गेले म्हणजे मलमपट्टीवर भागत नाही. सुदैवाने जखम वरवरची असली, तरी घरातून आज्ञा सुटते, "पुरे झाला हा उद्योग!" आणि डबा अर्धवट स्थितीत माळ्यावर जातो.

वस्तुतः दोष उद्योगाचा नसतो. जे काम हत्याराने धरावयाचे ते बोटांनी धरले, एवढीच चूक झालेली असते. हे धरण्याचे हत्यार म्हणजे शेगडा. इंग्रजीत त्यास व्हाइस म्हणतात, आणि हैदराबादच्या दुकानांत तो 'वाईस' याच नावाने मागितला जातो. प्रतिकृतींच्या बारीक कामासाठी लहान शेगडा कसा निवडावा, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु सामान्य कुटुंब असे हत्यार वारंवार विकत घेत नाही. एकदा चुकीचा शेगडा घरात आला की तो वर्षानुवर्षे खाटेखाली पडून राहतो आणि बोटे पुन्हा पत्र्याखाली जातात. म्हणून हा विचार थोडा सविस्तर करणे इष्ट आहे.

प्रथम शेगड्याची रचना पाहू. त्यास दोन जबडे असतात. एक जबडा बैठकीशी अखंड असतो. तो हलत नाही. दुसरा जबडा मार्गदर्शक दांड्यावर पुढेमागे सरकतो. त्याच्या पोटातून आट्यांचा एक पोलादी दांडा, म्हणजे स्क्रू, गेलेला असतो आणि तो बैठकीतील नटमध्ये फिरतो. स्क्रूच्या डोक्यातून आडवी मूठ असते. मूठ फिरवली की जबडे मिटतात किंवा उघडतात. एवढेच हे यंत्र. पण त्यातून निर्माण होणारा दाब मोठा असतो. समजा, मूठ मध्यापासून १० सेंटिमीटर लांब आहे आणि स्क्रूच्या एका पूर्ण फेऱ्यात जबडा ३ मिलिमीटर सरकतो. हात एका फेऱ्यात सुमारे ६२८ मिलिमीटरचे वर्तुळ काढतो, तर जबडा अवघे ३ मिलिमीटर पुढे जातो. म्हणजे सुमारे २०९ पट फायदा झाला. यातील चार पंचमांश घर्षणात खर्ची पडला असे धरले, तरीही ४० पटींहून अधिक दाब शिल्लक राहतो. ज्या हाताने मुठीवर ५ किलोचा जोर दिला, त्याने जबड्यांमध्ये सुमारे २०० किलोचा दाब निर्माण केला. लोखंडाच्या जाड पट्टीला हा दाब मानवतो. पितळेची पातळ नळी मात्र त्याखाली चपटी होऊन जाते. लहान कामाचा शेगडा निवडताना आणि वापरताना हा हिशेब विसरून चालत नाही.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. पुण्यात कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ सालापासून लोकांसाठी खुले आहे. इवल्याशा गाड्या, सिग्नल, पूल आणि स्टेशने तेथे पाहणाऱ्याच्या लक्षात येते की, या कामात सर्व मौज अचूकतेची असते. छोट्या रेल्वेचे एक लोकप्रिय प्रमाण १ : ८७ हे आहे. या प्रमाणात मीटरमापी रूळांमधील एक मीटरचे अंतर साडेअकरा मिलिमीटर होते. उलट बाजूने पाहिले, तर प्रतिकृतीतील अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या डब्यातील सव्वाचार सेंटिमीटरांहून मोठी चूक होय. खिडक्यांच्या ओळीत एवढी चूक झाली, तर ती कोणाच्याही नजरेत खुपेल. काम हातात थरथरत असेल, तर कानस कितीही उत्तम असली तरी अर्धा मिलिमीटर सांभाळता येत नाही. अर्थात शेगडा जसा बोटांचे रक्षण करतो, तसाच तो कामाच्या मापाचेही रक्षण करतो.

दुकानात गेल्यावर बहुतेक जण वजन आणि किंमत या दोन गोष्टी पाहतात. जड तो मजबूत आणि महाग तो चांगला, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रतिकृतींच्या कामात हे दोन्ही निकष पुरे पडत नाहीत. त्यापूर्वी तीन प्रश्न विचारावयास हवेत: यात काय धरावयाचे आहे? हा कशावर बसवावयाचा आहे? आणि याचे जबडे कसे मिटतात? या तिन्हींची समाधानकारक उत्तरे मिळाल्यावरच किंमत विचारावी.

पहिला प्रश्न कामाच्या आकाराचा. बाकावरचे शेगडे जबड्यांच्या रुंदीवरून ओळखले जातात. फिटरच्या बाकावर चार, पाच किंवा सहा इंची शेगडा असतो. तो मोटारीचे भाग धरण्यास योग्य आहे. त्यात दोन सेंटिमीटरांचा पितळी तुकडा धरला, तर तो जाड जबड्यांच्या मध्यावर हरवून जातो. करवतीची कमान जबड्यांना अडते, कानशीला पुरेशी मोकळी जागा मिळत नाही आणि डोळा जवळ नेता येत नाही. शिवाय मोठ्या शेगड्याची मूठ लांब असल्याने दाब किती झाला याचा अंदाज हाताला येत नाही. प्रतिकृतींसाठी ५० ते ६५ मिलिमीटर, म्हणजे दोन ते अडीच इंच रुंदीचे जबडे पुरेसे होतात. ते ५० मिलिमीटरांपर्यंत उघडत असले म्हणजे बहुतेक कामे निभावतात. जाड लोखंडी पट्ट्या वाकविणे किंवा घणाखाली काम ठोकणे ही मात्र या शेगड्याची कामे नव्हेत. ज्याला तसली कामेही वारंवार करावयाची आहेत, त्याने तीन इंची शेगडा घ्यावा आणि बारीक कामात थोडी गैरसोय पत्करावी.

शेगड्यांचे प्रकारही अनेक आहेत, आणि प्रत्येकाचा धर्म निराळा आहे. लोहाराच्या शेगड्याला जमिनीपर्यंत पोहोचणारा एक पाय असतो. घणाचा आघात त्या पायातून जमिनीत उतरतो. परंतु त्याचा जबडा खालच्या खिळीभोवती फिरत उघडतो, त्यामुळे जाड काम धरताना दोन्ही जबडे समांतर राहत नाहीत. सुताराच्या शेगड्याचे जबडे रुंद व लाकडाने मढविलेले असतात. लाकडी फळी धरण्यास ते उत्तम, बारीक तारेस निरुपयोगी. फिटरचा समांतर शेगडा हाच प्रतिकृतीकाराला जवळचा. त्याची लहान आवृत्ती त्याने शोधावी. काही लहान शेगड्यांना गोल सांधा असतो व ते हव्या त्या कोनात वळविता येतात. रंगकाम करताना किंवा तारांना डाक देताना ही सोय फार आवडते. पण प्रत्येक सांधा ही ढिलेपणाची एक जागा असते. कानस चालू झाली की असा शेगडा मान हलवू लागतो. म्हणून एकच शेगडा घ्यावयाचा असेल, तर तो साधा, न वळणारा घ्यावा. फार तर बैठकीवर आडवा फिरणारा आणि बोल्टने घट्ट आवळता येणारा चालेल. याखेरीज ड्रिलच्या यंत्राखाली ठेवण्याचा बुटका यंत्र-शेगडा, मुठीत धरावयाचा हात-शेगडा आणि तारेइतके बारीक ड्रिल पकडणारा पिन-शेगडा हेही आहेत. हात-शेगडा व पिन-शेगडा किमतीने माफक असतात आणि मोठ्या भावाची उणीव भरून काढतात.

दुसरा प्रश्न बसविण्याचा. शहरातील घरांच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. बरकतपुऱ्यात पूर्वीच्या अंगणाच्या घरांच्या जागी ठिकठिकाणी मजल्यांच्या इमारती झाल्या आहेत. भाड्याच्या घरात भिंतीला किंवा ओट्याला बोल्ट मारण्याची सोय नसते. जेवणाच्या मेजाला भोके पाडू देणारी गृहिणीही विरळाच. ही अडचण ओळखून काही लहान शेगड्यांना तळाशी रबरी चकती दिलेली असते. खटका दाबला की चकतीखालची हवा कमी होऊन ती पृष्ठभागाला चिकटते. ही युक्ती आकर्षक आहे. पण तिची मर्यादा समजून घेतली पाहिजे. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. आठ सेंटिमीटर व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे पूर्ण पोकळी साधली, तरी चकती ५० किलोहून अधिक जोराने धरू शकत नाही. प्रत्यक्षात पोकळी अपुरी असते आणि कडेने हवा हळूहळू आत शिरते. त्यात कानशीचा जोर वर, जबड्यांच्या पातळीवर पडतो आणि शेगड्याची उंची तरफेसारखी काम करून चकतीची एक कड उचलते. गुळगुळीत ग्रॅनाइटवर वा काचेवर असा शेगडा हलक्या कामापुरता टिकतो. शहाबादी किंवा तांडूरच्या खरखरीत फरशीवर आणि साध्या लाकडावर तो मुळीच टिकत नाही. डाक देणे, रंगविणे, धागा बांधणे एवढ्यापुरताच तो घ्यावा.

दुसरा प्रकार मेजाच्या कडेला खालून स्क्रूने अडकविण्याचा. हा पुष्कळ बरा. मात्र घेण्यापूर्वी घरच्या मेजाच्या फळीची जाडी मोजून न्यावी, कारण अडकणीचे तोंड तेवढे उघडत नसेल तर खरेदी फुकट जाते. भुशाच्या दाबफळीची मेजे या अडकणीखाली चेपतात. म्हणून वर आणि खाली लाकडाचे जाड तुकडे घालावेत.

यापेक्षाही उत्तम असा एक तिसरा मार्ग आहे, आणि भाड्याच्या घरासाठी तोच सर्वांत सोयीचा होय. बोल्टने बसविण्याचा शेगडा घ्यावा. पण तो मेजावर न बसविता एका स्वतंत्र फळीवर बसवावा. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची साधारण ४० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद फळी त्यास पुरते. शेगडा फळीच्या कडेशी असा ठेवावा की, त्याच्या स्थिर जबड्याचा चेहरा कडेच्या किंचित बाहेर यावा. म्हणजे लांब पट्टी उभी धरली तरी ती फळीला न अडता खाली जाते. बोल्टांची डोकी खालून फळीत बुडवावीत व नटांखाली रुंद वॉशर घालावेत. फळीच्या पुढच्या कडेखाली लाकडाची एक आडवी पट्टी ठोकली, म्हणजे ती मेजाच्या कडेला टेकते आणि पुढून येणारा जोर पेलते. मग इंग्रजी जी अक्षराच्या आकाराच्या दोन क्लँपांनी ही फळी मेजाच्या पायाजवळ आवळावी. मेजाच्या मध्यापेक्षा पायाजवळ कंप कमी असतो. फळीखाली जुन्या घोंगडीचा तुकडा घातला, तर मेजाला चरे पडत नाहीत आणि खालच्या मजल्यावर आवाजही कमी जातो. जेवणाची वेळ झाली की दोन क्लँप सोडावेत व फळीसकट शेगडा उचलून ठेवावा. घरमालक, गृहिणी आणि कारागीर असे तिघेही संतुष्ट राहण्याचा हा उपाय आहे.

तिसरा प्रश्न जबड्यांचा. त्याची परीक्षा दुकानातच करावी लागते. हैदराबादेत कोठीजवळचा ट्रूप बाजार आणि सिकंदराबादचे राणीगंज या ठिकाणी अशा वस्तूंची दुकाने आहेत. तेथे मिळणारी हातहत्यारे पुष्कळदा पंजाबातील जालंदरची असतात. ते शहर या धंद्याचे मोठे केंद्र आहे. एकाच आकाराच्या दोन शेगड्यांत बरेच अंतर असू शकते. म्हणून खोक्यावरील चित्र न पाहता शेगडा हातात घ्यावा, आणि शक्य असल्यास एकाच जातीचे दोन-तीन नग काढावयास सांगावे.

परीक्षा सोपी आहे. वर्तमानपत्राच्या कागदाच्या दोन अरुंद पट्ट्या खिशात न्याव्यात. जबड्यांच्या दोन टोकांना एकेक पट्टी ठेवून मूठ हलकेच आवळावी. दोन्ही पट्ट्या सारख्याच घट्ट बसल्या पाहिजेत. एक अडकली आणि दुसरी सुटून आली, तर जबडे वाकडे मिटतात असे समजावे. त्यानंतर उजेडाकडे धरून मिटलेल्या जबड्यांच्या फटीतून पाहावे. फट दिसलीच तर ती खालच्या बाजूस असावी. वरच्या कडा आधी टेकणे चांगले, कारण दाब वाढला की सरकता जबडा किंचित वर उचलला जातो आणि काम वरूनच सुटू पाहते. पुढे जबड्यांच्या एकाच टोकाशी एक नाणे धरून आवळावे व दुसऱ्या टोकाकडे लक्ष द्यावे. सरकता जबडा थोडासा तिरपा होणारच. पण तो डोळ्यांदेखत वळला, तर मार्गदर्शक दांडा ढिला आहे. मूठ उलट फिरविताना जबडा हलण्यापूर्वी ती किती रिकामी फिरते, हेही पाहावे. पाव फेऱ्यापर्यंतचा खेळ क्षम्य आहे. अर्ध्या फेऱ्याहून अधिक असेल तर नट किंवा त्याची बैठक सदोष आहे.

धातूकडेही नजर टाकावी. बहुतेक शेगड्यांचे अंग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असते. बीड दाब उत्तम सोसते, पण आघाताने तडकते. म्हणून त्यावर हातोडी चालवू नये. ॲल्युमिनियमचे लहान शेगडे वजनाला हलके असतात. डाक देण्याच्या कामाला ते चालतात, कानशीच्या रोजच्या कामात लवकर झिजतात. अंग कोणतेही असो, स्क्रू पोलादाचा असावा आणि त्याचे आटे चौकोनी किंवा चपट्या माथ्याचे असावेत. टोकदार आटे लवकर झिजतात. जबड्यांच्या पट्ट्या स्क्रूने बसविलेल्या व बदलता येण्यासारख्या असाव्यात. रंग फार जाड असेल, तर ओतकामातील खड्डे त्याखाली भरून झाकले आहेत की काय, याची शंका घ्यावी आणि नखाने टोचून पाहावे.

जुन्या वस्तूंच्या बाजारातून शेगडा घ्यावा काय, असा प्रश्न काटकसरी माणसास पडतो. हैदराबादेत त्यासाठी गुरुवारचा जुमेरात बाजार आणि एर्रागड्ड्याचा रविवारचा बाजार प्रसिद्ध आहेत. ज्या शहराच्या परिसरात १९४३ साली प्रागा टूल्ससारखा यंत्रहत्यारांचा कारखाना निघाला आणि आझामाबाद, सनतनगर, बालानगर या औद्योगिक वसाहती वाढल्या, तेथे चांगली हत्यारे कधी ना कधी मोडीत निघणारच. जुना शेगडा गंजलेला असला तरी हरकत नाही. गंज काढता येतो. परंतु बिडाला तडा गेलेला असेल किंवा तडा सांधून वर रंग दिलेला असेल, तर तो फुकटही घेऊ नये. स्क्रू पूर्ण बाहेर काढून आटे पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

शेगडा घरी आल्यावर पहिले काम म्हणजे त्याच्या जबड्यांना मऊ आच्छादन करणे. नव्या शेगड्याच्या जबड्यांवर कानशीसारखे दाते असतात. ते पितळेवर कायमची नक्षी उमटवितात. एक मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे दोन तुकडे काटकोनात वाकवून जबड्यांवर बसवावेत. नाजूक कामासाठी चामड्याचे किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचे अस्तर त्यावर चिकटवावे. नळी धरावयाची असेल, तर लाकडाच्या दोन तुकड्यांत समोरासमोर खाचा पाडून त्यांत ती ठेवावी आणि आत बसेल अशी लाकडी काठी पोटात घालावी. म्हणजे पूर्वी सांगितलेला २०० किलोचा दाब नळीला चेपू शकत नाही. पातळ पत्रा दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरावा. कापावयाची रेघ जबड्यांच्या शक्य तितकी जवळ असावी, कारण दूर राहिलेला पत्रा थरथरतो, किंचाळतो आणि करवतीचे पाते मोडतो.

नाजूक वस्तू जोराने नव्हे तर योग्य आधाराने धरावी, ही गोष्ट भारतीय कारागिरांना नवी नाही. हैदराबादच्या पुरानी हवेलीत निजाम संग्रहालय आहे. निजामाच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त मिळालेल्या भेटवस्तू तेथे मांडल्या असून, त्यांत शहरातील प्रसिद्ध इमारतींच्या चांदीच्या लहान प्रतिकृती आहेत. चांदीच्या पातळ पत्र्यावर उठावाचे काम करणारा सोनार तो पत्रा गरम लाखेवर बसवितो. लाख थंड झाली की पत्र्याला सर्व बाजूंनी सारखा आधार मिळतो. हात-शेगडा, लाख आणि लाकडाचा ठोकळा एवढ्या साधनांवर ही कला उभी राहिली. प्रतिकृतीकाराने त्यातून हाच धडा घ्यावयाचा आहे.

वापरातील काही पथ्येही आहेत. उभे राहून कानस चालवावयाची असेल, तर जबड्यांची वरची कड कोपराच्या उंचीला यावी. बसून बारीक काम करावयाचे असेल, तर ती त्याहून थोडी वर, छातीच्या जवळ असावी. म्हणजे मान वाकवावी लागत नाही. मुठीवर लोखंडी नळी चढवून तिची लांबी कधीही वाढवू नये. हाताने जेवढे आवळते, तेवढेच आवळावे. भोक पाडताना पत्र्याखाली लाकडाचा तुकडा असावा, तो पत्र्यासह शेगड्यात किंवा क्लँपने धरलेला असावा आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. कीस तोंडाने फुंकू नये, बोटांनी पुसू नये. त्यासाठी जुना ब्रश ठेवावा. काम संपल्यावर आट्यांना तेलाचा एक थेंब द्यावा व जबड्यांत थोडी फट ठेवूनच शेगडा झाकावा. पूर्ण मिटलेल्या जबड्यांत पावसाळ्याची ओल धरून राहते आणि गंज चढतो.

आता बरकतपुऱ्यातील त्या घराकडे परत वळू. डबा माळ्यावर टाकण्यापूर्वी वडिलांनी मुलासह बाजार गाठला, तर दुकानदार त्यांच्यापुढे दोन वस्तू ठेवील: एक चार इंची, भक्कम दिसणारा शेगडा आणि दुसरा रबरी चकतीचा, चकचकीत रंगाचा. पहिल्यात पैसा अधिक जाईल आणि बारीक काम होणार नाही. दुसऱ्यात पैसा कमी जाईल, पण कानस लागताच तो निसटेल. त्यांनी दोन्ही बाजूस सारून साठ मिलिमीटरांच्या आसपास जबडे असलेला, पोलादी स्क्रूचा, बोल्टने बसणारा साधा शेगडा मागावा. कागदाच्या पट्ट्यांनी तो पारखावा. मोठ्या शेगड्याच्या किमतीतून जे पैसे वाचतील, त्यांत प्लायवुडची फळी, दोन क्लँप, एक हात-शेगडा आणि संरक्षक चष्मा यांची सोय पाहावी. यांपैकी काही पुढच्या महिन्यावर टाकावे लागलेच, तर हात-शेगडा टाकावा. चष्मा टाकू नये.

घरोघरी दिवाळीला किल्ले होतात, गणपतीपुढे देखावे मांडले जातात, नाताळात गोठा सजतो. लहान वस्तूंत मोठे जग उभे करण्याची हौस मुलांना उपजतच असते. ती हौस पुठ्ठ्यावरून पितळेवर जाते, तेव्हा तिला कौतुकाच्या शब्दांइतकीच योग्य हत्याराची गरज लागते. प्रदर्शनात डब्याला बक्षीस मिळेल किंवा न मिळेल. पण ज्या मुलाने खिडक्यांची ओळ अर्ध्या मिलिमीटरच्या आत सांभाळली आणि दहाही बोटे शाबूत ठेवून काम पुरे केले, तो दुसरा डबा करावयास आपण होऊन बसेल.